अठ्ठ्याऐंशी नंबरच्या दोन गाड्या

मालकांच्या गटाची वही सांभाळणाऱ्या बद्रुलने दोन्ही गाड्यांत आळीपाळीने डोकं घातलं आणि बाहेर येऊन चष्मा पुसत बसला. दोन्हींत समोर तीच पितळी पाटी होती. एकशे पन्नासपैकी अठ्ठ्याऐंशी.

"यातली एक पाटी नकली आहे," तो म्हणाला.

मलेशियातल्या इपोह शहरात, त्या कॉफीच्या दुकानामागे दर रविवारी सकाळी या गाडीचे मालक जमत. साधी गाडी गल्लोगल्ली दिसते. ही तिचीच सख्खी बहीण, पण हलक्या अंगाची आणि इंजिन पिसाळलेलं. दीडशेच निघाल्या, म्हणून बाजारात नकलांचाच सुळसुळाट. नकलीवाल्याला इथे पुन्हा कुणी खुर्ची देत नसे.

"मास्तर, कुठून घेतलीत तुम्ही?" दुसऱ्या गाडीच्या मालकाने, फू काम सेंगने विचारलं.

नॉर्दिन मास्तर क्वाला कांगसारहून पहिल्यांदाच आले होते. निवृत्त झाल्यावर हौसेने त्यांनी ही गाडी घेतली होती. "मी दुसरा मालक," ते हळूच म्हणाले. "फसवलं असेल मला कुणी."

"असेल काय, फसवलंच!" सेंग म्हणाला. "माझी शोरूममधून थेट घरी आलीय. वीस वर्षांत एक स्क्रू बदललेला नाही. विचारा माझ्या बायकोला."

सगळ्यांनी योक मूईकडे पाहिलं. तिच्या कपातली कॉफी बशीत सांडली.

गाडी शोरूममधून तिनेच आणली होती. सेंग तेव्हा सिंगापूरला कामावर होता. पाटीवर चव्वेचाळीस नंबर होता. त्यांच्या चिनी बोलीत चार म्हटलं की मरण ऐकू येतं, आणि इथे ते लागोपाठ दोनदा. तिला पाचवा महिना होता. आधीचं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं होतं, आणि या खेपेला दवाखान्यात याच गाडीतून जायचं होतं. तिने किल्ल्या बनवणाऱ्याकडून अठ्ठ्याऐंशीची, म्हणजे दुहेरी भरभराटीच्या आकड्याची नवी पाटी करून घेतली आणि जुनी नदीत टाकली. सेंगला सांगायची सोय नव्हती. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्याला तीन-अ म्हणणाऱ्यांना तो तोंडावर हसायचा. पुढे मुलगी सुखरूप झाली आणि सांगायचं राहूनच गेलं.

"वाद नको," बद्रुल म्हणाला. "कंपनीची जुनी यादी मिळालीय मला. सांगाड्याच्या नंबरापुढे पाटीचा नंबर लिहिलाय. आत्ता सोक्षमोक्ष लागेल."

मास्तर निकालाच्या दिवशीच्या पोरासारखे गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मूईला त्यांच्याकडे बघवेना. बोलावं तर नवऱ्याची चारचौघांत शोभा होणार, आणि गप्प राहावं तर या भल्या माणसाचं नाव जाणार.

बद्रुलने मास्तरांच्या गाडीचं बोनेट उघडून सांगाड्यावरचा नंबर यादीशी ताडून पाहिला. "अठ्ठ्याऐंशी. अस्सल आहे, मास्तर."

मग तो सेंगच्या गाडीवर वाकला. त्याचं बोट यादीवर बराच वेळ फिरत राहिलं.

"अंकल, गाडी तुमचीही अस्सल आहे. पण ही चव्वेचाळीस. पाटी कुणी बदलली?"

सेंगचा चेहरा उतरला. त्याने वळून मूईकडे पाहिलं. ती उभी राहिली होती. बोलायला तोंड उघडतच होती.

"मी," सेंग म्हणाला. "मीच बदलली."

"तुम्ही? अहो, तुम्ही तर आम्हाला हसता!"

"घाबरलो होतो रे. बायको पोटुशी होती. चार म्हटलं की माझे हातपाय गळतात. हसा आता!"

ते हसले, पोट धरधरून हसले. कुणीतरी त्याला तीन-अ अंकल म्हणून हाकही मारली. बद्रुलने वहीत त्याच्या नावापुढचा 'जशीच्या तशी' हा शेरा खोडला. सेंगने मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरून माफी मागितली.

परतताना गाडी तो कधी नव्हे इतकी हळू चालवत होता.

"तुला कधी कळलं?" मूईने विचारलं.

"तिथेच. तुझा चेहरा बघून."

"मग मला का नाही बोलू दिलंस?"

सेंगने गिअर बदलला.

"तेव्हा घाबरायला तू एकटीच होतीस," तो म्हणाला.