खांबाला चढला अंगरखा

मी खांब बोलतोय. पायऱ्या चढून व्हरांड्यात याल ना, तर उजव्या हाताला पहिला जो भेटतो, तो मी. दचकू नका. इतकी वर्षं छप्पर डोक्यावर घेऊन गप्प उभा होतो, आज जरा मन मोकळं करतो.

जन्माने मी साधा चौकोनी वासा. ना नक्षी, ना गोलाई. आम्ही चौघे भाऊ एकाच झाडाचे, एकाच दिवशी इथे उभे राहिलो. अंगाने इतके किडकिडीत, की येणारा-जाणारा म्हणायचा, "घर झकास आहे हो, पण खांब म्हणजे अगदीच काडीपहिलवान!" मला असा राग यायचा! छप्पर कधी पडलं का आमच्यामुळे? मग?

पण बारीक असण्याचा एक फायदा होता. घरातल्या आजोबांच्या पंजात मी बरोबर बसायचो. पायऱ्या पाच, नजर अधू, गुडघे कुरकुरणारे. तरी रोज सकाळी ते मला धरून पहिली अवघड पायरी साधायचे, एकटे खाली उतरायचे आणि कुंपणापलीकडच्या मित्राशी तासभर वाद घालायचे. कशावरून? कशावरूनही! कोणी हात द्यायला आलं की मात्र उखडायचे. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

यंदा सूनबाईंनी मनावर घेतलं आणि सुताराला बोलावलं. त्याला सगळे 'अर्धा इंच' म्हणतात, कारण काहीही दाखवा, तो एक डोळा मिटून म्हणणार, "अर्धा इंच कमी पडतंय." त्याने आम्हाला घासलं, चारही अंगांनी फळ्या चढवल्या, कोपरे असे जुळवले की सांधा शोधून दाखवा. पायाशी रुंद पट्टी, माथ्याला नक्षीची पट्टी, दिवस मावळताना वरून पॉलिशचा पहिला हात. खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा आले. नेहमीसारखा हात टाकला. पण मी आता दुप्पट जाड! गुळगुळीत फळीवरून बोटं सर्रकन खाली घसरली आणि आजोबा मागच्या मागे व्हरांड्यातच बसले. नशीब, पुढे गेले नाहीत. कोणी पाहिलं नव्हतं. ते उठले, कपडे झटकले आणि आत खुर्चीत जाऊन बसले.

"आज पाय दुखतोय," असं त्यांनी घरात सांगितलं. दुसऱ्या दिवशीही पाय, तिसऱ्या दिवशीही पाय. कुंपणापलीकडचा मित्र हाका मारून दमला. सांगावं तर मला तोंड नाही. तो नवा अंगरखा मला नकोसा झाला.

चौथ्या दिवशी अर्धा इंच पॉलिशचा दुसरा हात मारायला आला आणि माझ्यापाशी थबकला. पहिला हात ओला असतानाच त्यावर चार बोटांचे पट्टे उमटले होते, वरून खाली.

"ताई, इथे कोणाचा तरी हात सरकलाय."

सूनबाईंनी दारातून आतल्या खुर्चीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अगं बाई! म्हणजे बाबांचा पाय..." त्यांनी त्या पट्ट्यांवर स्वतःची बोटं ठेवून पाहिली. "सगळ्याची मापं घेतली मी. बाबांच्या हाताचंच तेवढं राहिलं. कठडा लावून टाका लगेच."

"कठडा त्यांच्यासाठी लावलाय हे त्यांना कळणार नाही होय?" अर्धा इंच म्हणाला. "मग धरतील का ते?"

तो चार गोल दांडे घेऊन आजोबांकडे गेला. "आजोबा, यातला कुठला हाताला बरा वाटतो, सांगा की. एका गिऱ्हाइकाचं काम अडलंय."

सल्ला विचारल्यावर आजोबा खूश! एकेक दांडा धरून पाहिला आणि म्हणाले, "हा घे. बाकीचे भंगारात टाक."

तोच दांडा कमरेपासून खांद्यापर्यंत माझ्या अंगावर उभा बसला, मागे बोटं जातील एवढी फट ठेवून. आणि माझ्या एकट्याच्या नव्हे हं, आम्हा चौघांच्याही अंगावर तसेच दांडे, म्हणजे ती नक्षीच वाटावी!

सकाळी सूनबाई अगदी सहज म्हणाल्या, "बाबा, नवी नक्षी बघितलीत का? हल्ली फॅशन आहे तशी."

आजोबांनी दांडा चाचपला. पुन्हा चाचपला. मग घट्ट धरला आणि एकेक करत पाचही पायऱ्या उतरले. खाली पोचल्यावर मागे न बघताच म्हणाले, "सूनबाई, तुझी फॅशन माझ्या मुठीत बरोब्बर बसते हो!"

सूनबाई हसल्या आणि डोळे पुसत आत गेल्या. दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

आता मी सुखात आहे. शेजारच्या दोन घरांनी हीच 'नक्षी' मागितली आहे, कशासाठी ते न कळता. एवढंच सांगणं आहे, तुमच्या खांबांना खुशाल सजवा, आम्हालाही हौस असते. फक्त त्याआधी आम्हाला रोज कोण धरतं, ते एकदा बघा. बरं, आता पुरे. वाद संपवून आजोबा पायऱ्यांशी आलेत. त्यांना वर घ्यायचंय.