बोटभर ढिला

“हे झबलं घालून म्या अंगणात जाऊ व्हय? तान्हं लेकरू हाय का म्या?”

सारजाक्का भिंतीकडं तोंड करूनच बोलल्या. त्यांना उठवायला वाकलेली अयोध्या तशीच थांबली. आम्ही “चला” म्हटलं की अक्का नुसतं “न्हाय” म्हणत, आणि आम्हाला वाटे, पाय दुखतोय. “का न्हाय?” असं अयोध्येनंच पहिल्यांदा विचारलं होतं.

सारजाक्का माझी थोरली जाऊ. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता चालवा असं डॉक्टरांनी सांगितलं. पण अक्का खाटेवरून हलेनात. त्यांच्या रणधीरनं पुण्याहून फुलाफुलांचे गाऊन आणले होते, करणाऱ्याला सोपं पडावं म्हणून. जाताना मला म्हणाला, “काकी, तुमचंच गुडघं धड न्हाईत. दिवाळीपर्यंत आई उठली तर बरं. न्हायतर सोलापूरला अशा माणसांची सोय हाय, तिथं ठेवू.” तो वाईट मनानं बोलला नव्हता. पण अक्कांनी ते ऐकलं, आणि तेव्हापासून भाकरीतली अर्धी ताटातच राहू लागली.

म्हणून अयोध्येला ठेवलं. आजारी माणसांचं करायचं शिकलेली, लोहाऱ्याहून जीपनं यायची.

“मग काय नेसायचं, आजी?” तिनं विचारलं.

“लुगडं. दुसरं काय?”

“मला न्हाय येत नेसवायला. आमच्या आईनंबी कधी नऊवारी नेसली न्हाय.”

“मग शिकलीस तरी काय गं?”

“तुम्ही शिकवा की.”

मी पेटीतून अक्कांचं जांभळं इरकल लुगडं काढलं. अयोध्या ते आपल्या ड्रेसवरच गुंडाळू लागली आणि अक्का पडल्या पडल्या हुकूम सोडू लागल्या. “उलटं. उलटं गं. पोत्याला सुतळी बांधायलीस का?” मला हसू आवरेना. “तू काय हसतीस? तुझं काय येगळं हुतं?” अक्का मला म्हणाल्या.

निऱ्या कशाबशा झाल्या. मागं खोचायचा कासोटा काही जमेना.

“इकडं ये. पाठ कर,” म्हणत अक्का उठून बसल्या. हात पोचेना. त्यांनी पाय जमिनीवर टेकले. अयोध्येनं वॉकर त्यांच्याजवळ सरकवला आणि पाठ करून उभी राहिली. अक्का उठल्या. एका हातानं वॉकर धरून दुसऱ्या हातानं त्यांनी कासोटा घट्ट खोचला, मग बोट घालून जरा सैल केला.

“बोटभर ढिला ठेवावा. बाईला दिसभर उठबस असती.”

मी नवी नवरी होऊन आले तेव्हा हेच शब्द मी ऐकले होते. लुगडं सारखं सुटायचं आणि मी रडकुंडीला यायची. सासूबाईंच्या आधी उठून, चुलीजवळ मला उभी करून अक्का नेसवायच्या. त्यांच्या हाताला तेव्हा राखेचा वास असायचा.

दुसऱ्या दिवशी अयोध्येनं अक्कांना लुगडं नेसवलं. दोनदा सोडलं, दोनदा शिव्या खाल्ल्या. मग डोक्यावर पदर घेऊन अक्का अंगणात आल्या, तुळशीपर्यंत गेल्या आणि “किती कचरा केलाय” म्हणून मला बोलल्या.

दिवाळीला रणधीर आला तेव्हा त्या ओट्यावर बसलेल्या होत्या. “पाय धुऊन ये आत,” म्हणाल्या. त्यानं हातातली पिशवी तिथंच ठेवली आणि पाय धुवायला गेला. सोलापूरचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. गाऊनची मी फडकी केली. पुसायला चांगली निघाली.

पुढच्या ज्वारीच्या काढणीत अक्का गेल्या. स्वतःच्या घरात, सकाळचा चहा पिऊन.

गल्लीतल्या बायका जमल्या. इरकल मी काढून ठेवलं होतं, पण गुडघ्यांपायी मला खाली बसता येईना आणि जमलेल्या लेकी-सुनांपैकी एकीलाही नऊवारी नेसवता येईना. तेवढ्यात अयोध्या आली. ती आता उमरग्याला दुसऱ्या एका आजोबांचं करायची. निरोप मिळताच निघाली होती.

ती खाली बसली. निऱ्या एकसारख्या आल्या. एका बाईनं अक्कांना कुशीवर धरलं आणि अयोध्येनं कासोटा खोचला. मग बोट घालून तो जरा सैल केला.

“आता कशाला गं?” ती बाई म्हणाली. “आता कुठं उठबस हाय त्यास्नी?”

अयोध्येनं अक्कांना हळूच सरळ केलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला.