अप्पांची पदरची वाक्यं

अप्पा जाऊन एकवीस दिवस झाले, तरी विद्यालक्ष्मीला रडू आलं नव्हतं. दूध मात्र वेळेवर येत होतं. सात महिन्यांची दिव्यश्री कुरकुरली की ती उठायची, पाजायची, पाठ थोपटायची. भेटायला आलेले तिच्याकडे बघून डोळे पुसत, आणि ती त्यांच्यासमोर दुपट्यांच्या घड्या घालत बसे.

बाविसाव्या दिवशी गुरुमूर्तीमामा आले. अप्पांचे, म्हणजे कृष्णाजींचे, जुने स्नेही, तंजावरकडच्याच मराठी माणसांतले. घराजवळच्या शाखा वाचनालयात स्वयंसेवकांचं वाचकमंडळ आहे, त्याचे ते प्रमुख. मंडळाचं एक काम असं, की सरकारी परीक्षांची पुस्तकं मोठ्यानं वाचून अंध मुलांसाठी रेकॉर्ड करायची. राज्यकारभाराचं जाडजूड तमिळ पुस्तक अप्पांनी वर्षभर बसून वाचलं होतं, अगदी शेवटच्या पानापर्यंत.

"कसं सांगू बाळा," मामा म्हणाले. कॉफीचा टंबलर त्यांनी दोनदा उचलून तसाच खाली ठेवला. "परवा सराव परीक्षा घेतली. नऊ मुलांनी एका प्रश्नाला एकच उत्तर लिहिलं. 'दाखला तीन दिवसांत मिळतो. खरी तारीख हवी असेल तर शिपायाला विचारावं.'"

"हे पुस्तकात आहे?"

"पुस्तकात कुठलं! तुझ्या अप्पाच्या डोक्यात. चौतीस वर्षं कचेरीत घासलेला माणूस, वाचता वाचता पदरचं घालत गेला. आता मुलांना काय कळणार, छापलेलं कुठलं आणि कृष्णाजीचं कुठलं?"

विद्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

परीक्षा महिन्यावर आली होती. मंडळात ठरत होतं की वाचकांपैकी वेंकट आणि आणखी तिघांनी प्रकरणं वाटून घेऊन पुस्तक नव्यानं वाचावं, अप्पांचं काढून टाकावं.

"मामा, काढू नका." तीन आठवड्यांत तिनं तोंडानं मागितलेली ही पहिली गोष्ट. कुठल्या कुठल्या मुलांच्या कानात अप्पा अजून रोज बोलत होते. तेवढं चालू राहावं, बाकी तिला काही नको होतं. "मी साफ करून देते. त्यांची वाक्यं तेवढी कापते."

"तान्ही पोर आहे गे तुला."

"ती झोपली की करीन."

दिव्यश्री साडीच्या झोळीत चाळीस मिनिटं झोपे, फार तर पन्नास. विद्या एका कानात इअरफोन घाली, दुसरा कान झोळीकडे. मांडीवर पुस्तक, ओळीवर बोट. छापलेली ओळ संपली, बोट थांबलं आणि अप्पा बोलतच राहिले, की ते अप्पांचं. एकदा ऐकायचं सुरुवात सापडायला, एकदा शेवट सापडायला, एकदा खात्रीला. मग कापायचं.

"हा नियम ज्यानं केला, त्याला एकदा रांगेत उभं करा." कापलं.

"थांबा हं, पाणी पितो." कापलं.

"काल रात्रभर नात रडली, म्हणून आवाज बसलाय. पुढचा परिच्छेद." हे तिनं 'पुढचा'च्या अगदी आधी अलगद कापलं. झोळीला एक झोका दिला आणि पान उलटलं.

तीन आठवडे असेच गेले. आवाज अप्पांचाच होता, पण तिला तो भाजी निवडताना हातात येणाऱ्या देठांसारखा लागत होता. ठेवायचं हे, टाकायचं हे.

रविवारी ती दिव्यश्रीला कडेवर घेऊन वाचनालयात गेली. तिथं कनका बसली होती. रेकॉर्डिंग तपासायचं काम तिचं. स्वतः जन्मांध, याच परीक्षेला बसणारी. तिनं दुप्पट वेगानं चार-पाच ठिकाणचं ऐकलं. त्या वेगात अप्पा बस सुटायच्या आत सगळं सांगून टाकणाऱ्या माणसासारखे वाटत होते.

"साफ झालंय," कनका म्हणाली. "आता कुणी चुकायचं नाही."

मामांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि फाइल चढवायला आत गेले. जुनी प्रत त्यांनी सगळ्यांना आधीच पुसायला लावली होती.

कनका काठीची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "अक्का, अकराव्या प्रकरणाच्या शेवटी अंकल काहीतरी म्हणायचे. अभ्यासानं डोकं फुटायला आलं की मी मुद्दाम तेच लावायची. आता तिथं सरळ बारावं सुरू होतं. कापलेले तुकडे ठेवलेत ना तुम्ही?"

"नाही."

"एकही?"

"फोनमध्ये जागा नव्हती." विद्यानं ते तुकडे ठेवायचा विचारच केला नव्हता. हे तिला आत्ता कळलं, आणि कळूनही आत काही हललं नाही. तिनं दिव्यश्रीची लाळ पुसली.

"बरं," कनका म्हणाली. "राहू दे. मार्क तर मिळतील."

वर पंखा खडखडत होता. शेजारच्या खोलीत कुणी बाई लहान मुलांना गोष्ट सांगत होती आणि मुलं मध्येच ओरडत होती.

"'गावच्या अधिकाऱ्याच्या कामांची यादी संपली,'" विद्या म्हणाली. आवाज सपाट, पाढे म्हटल्यासारखा. "'यातली निम्मी कामं…'" इथं ती थांबली. अप्पा इथं घसा खाकरत. "'निम्मी कामं त्याची बायको करते. तिचं नाव पुस्तकात नाही. तुम्हीही लिहू नका, मार्क जातील.'"

कनका इतक्या मोठ्यानं हसली की दिव्यश्री दचकली.

"हेच! हेच ते! आणि सहाव्यातलं, ते खुर्चीचं?"

"सहाव्यात दोन आहेत," विद्या म्हणाली, आणि पोरीला मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बाकावर बसली.