रेघांचा बाहुला आणि मी

मी एक जुना सांगाडा आहे. घाबरू नका, मित्रांनो! माझी हाडे प्लास्टिकची आहेत. दुबईत अल कुसैसला डॉक्टर सुनेत्राबाईंच्या दवाखान्यात मी १९९४ साली आलो. माझ्या मणक्यावर बोट ठेवून बाई रोग्यांना सांगत, "इथली चकती सरकली, की नस दबते." रोगी माना डोलावत. मला वाटे, सगळे वैद्यक माझ्याच जोरावर उभे आहे.

मग शेजारच्या खोलीत चिनी डॉक्टर लिनबाई आल्या. मधले दार उघडेच असे. त्यांच्या टेबलावर वीतभर रबरी बाहुला होता, अंगभर रेघा ओढलेला. त्या रेघांतून 'ची' नावाची शक्ती वाहते, ती अडली की दुखते आणि सुया टोचल्या की मोकळी होते, असे त्या सांगत. माझा जळफळाट झाला. हाडे निदान दिसतात तरी. त्या रेघा कुणी पाहिल्यात?

भिकाजी नावाचा क्रेनचालक कंबरदुखीने बेजार होता. आमच्या गोळ्यांनी गुण आला नाही. लिनबाईंच्या सुयांनी आला! जाताना त्याने बाहुल्याच्या गालाला लाडाने हात लावला. माझ्याशी अशी सलगी कधी कुणी केली नव्हती. एकदा या बाहुल्याची फजिती होऊ दे, असे मी मनोमन म्हटले.

काही आठवड्यांनी भिकाजी पाय फरफटत आला. "पाऊल उचलतच नाय." मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण लिनबाईंनी सुयांची डबी उघडलीच नाही. पाऊल तपासून त्याला हाताला धरून आमच्याकडे आणले.

"सुई नहीं. ऑपरेशन. यल्ला, जल्दी!"

"आपकी थिअरी क्या बोलती है?" सुनेत्राबाईंनी विचारले.

"थिअरी बाद में. पहले पैर."

"मॅडम, क्रेन चालवता येईल ना मला?" भिकाजीने विचारले. बाईंनी त्याचा खांदा दाबला आणि हॉस्पिटलला फोन लावला.

दबलेली नस वेळेत मोकळी झाली. भिकाजी चालू लागला, पुढे क्रेनवरही चढला. एका दुपारी चहा पिताना सुनेत्राबाई म्हणाल्या, "सुई से आराम क्यों मिला, मेरी किताब में ठीक से नहीं मिलता."

"मेरी में है," लिनबाई हसल्या. "लेकिन पैर क्यों नहीं उठा, वो आपकी में ज़्यादा साफ़ है."

पुढे लिनबाई मायदेशी परतल्या. बाहुला त्यांनी सुनेत्राबाईंना दिला, आणि बाईंनी तो माझ्याच पायाशी ठेवला. आता आम्हा दोघांवर सारखीच धूळ बसते. तरी दवाखान्यात येणारी मुले त्यालाच आधी उचलतात, आणि खरे सांगतो, मला अजून सलते.

मित्रांनो, कधीतरी आमची धूळ पुसा. पण तुम्ही डॉक्टर झालात आणि समोर कुणी कण्हत असेल, तर आधी त्याच्याकडे बघा. मी थांबेन.