मी दक्षिणच दाखवत होतो

मित्रांनो, खरे सांगायची धडपड करूनही खोटे ठरणे काय असते, ते मला विचारा. मी पितळी डबीतले एक जुने होकायंत्र आहे. सध्या मुक्काम आयर्लंडमधल्या नावन गावी, डॉक्टर गिरीश यांच्या घरी.

माझे घराणे चिनी. हजारेक वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी लोखंडी सुई चुंबकावर घासली, पाण्यावर तरंगवली आणि तिला म्हटले ‘दक्षिण दाखवणारी सुई’. बाकीचे जग आम्हाला उत्तर विचारते, आमच्या घराण्यात मात्र मान दक्षिणेचा. आधी घरांच्या जागा ठरवायला आणि मग समुद्रावर जहाजांना वाट दाखवायला माझे पूर्वज राबले. मी स्वतः शांघायच्या एका लहानशा कारखान्यात घडलो. हात बदलत बदलत पुण्याच्या जुन्या बाजारात आलो आणि तिथे शशिकांत मास्तरांच्या नजरेला पडलो.

मास्तर साताऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवत. वर्गाला घेऊन अजिंक्यताऱ्यावर जात आणि डबी उघडण्याआधी सगळ्यांना दटावत, "चाव्या, पत्र्याचे डबे लांब ठेवा. हा लोखंडाला भुलतो." मग मी थरथरत स्थिर व्हायचो आणि मुले माना वाकवून बघायची. त्यांच्यात मास्तरांचा मुलगा गिरीशही असे. तेवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

गिरीश डॉक्टर होऊन आयर्लंडला निघाला, तेव्हा मास्तरांनी मला त्याच्या हातात ठेवले. "तिकडे सूर्य दिसत नाही म्हणे. हा असू दे जवळ." गिरीशने इथे आल्यावर मला टाकले ते मोज्यांच्या खणात. कित्येक वर्षे मी मोजेच बघत होतो.

२०२०च्या मे महिन्यात मास्तर गेले. विमाने बंद होती. गिरीशने वडिलांचे अंत्यदर्शन फोनवर घेतले, अग्नी चुलतभावाने दिला. हे त्याच्या मनाला लागून राहिले. वर्ष झाले तरी भारतात जाणे जमेना, म्हणून वर्षश्राद्ध तरी आपल्या हाताने, बिनचूक करायचे, असे त्याने ठरवले. गुरुजी साताऱ्याहून लॅपटॉपवर विधी सांगणार होते. त्या दिवशी मी खणातून बाहेर आलो.

तर्पण करायचे दक्षिणेकडे तोंड करून. गुरुजी म्हणाले, "सूर्य कुठे आहे ते बघा, म्हणजे कळेल."

"गुरुजी, तो आठवडाभर दिसलेला नाही," गिरीश म्हणाला.

मग त्याने मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवले. कुठे ठेवावे? गुरुजींचा आवाज मोठा यावा म्हणून मांडलेल्या स्पीकरला खेटून. त्या स्पीकरच्या पोटात हे एवढे चुंबक. त्याने माझी सुई धरली आणि फ्रिजकडे ओढली. मी जिवाच्या आकांताने थरथरलो. "हलतोय कशाला हा?" असे पुटपुटत गिरीशने पाट फ्रिजकडे वळवला.

त्याची बायको अस्मिता वरच्या प्रेसमधून (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) काळे तीळ काढत होती. ती म्हणाली, "ही दक्षिण नसावी रे. फोनवर चेक कर ना." फोनही स्पीकरशेजारीच पडलेला. त्याने भलतीच दिशा सांगितली. वैतागून गिरीशने स्पीकर उचलून माझ्या दुसऱ्या बाजूला आपटला, तसा मी गर्रकन दाराकडे फिरलो.

"डॅड, इट्स ग्रँड. जस्ट पिक वन," त्यांची लेक श्रावणी म्हणाली. इथल्या बोलीत ग्रँड म्हणजे ‘ठीक आहे, चालेल’.

"नाहीये ग्रँड," गिरीशचा आवाज चढला. "बाबांचं एक काम धड करता येत नाही मला. आणि हे बघा, चायनाचा माल." त्याने मागचे दार उघडले आणि मला बाहेर भिरकावले.

मला काय संताप आला म्हणून सांगू. त्याच्या हातात श्राद्धाचा विधी छापलेला कागद होता. कागद कोणाचा शोध? छपाई कोणाची? दोन्ही माझ्याच मुलखातली. ती चालतात आणि मी तेवढा माल? ओरडावे तर मला तोंड नाही.

मी मागच्या बागेत गवतात पडलो. काचेला तडा गेला. पण आसपास ना स्पीकर, ना फ्रिज. सुईने दोन हेलकावे घेतले आणि ती दक्षिण दाखवत थांबली. अस्मिता मला उचलायला आली. तळहातावर घेऊन ओट्यापाशी गेली, तर सुई फिरली. परत बागेत आली, तर सुई आपल्या जागी.

"गिरीश," तिने हाक मारली, "हा बिघडलेला नाही. तू त्याला ठेवलंस कुठे ते बघ."

गिरीश बाहेर आला आणि माझ्यावर वाकला. मग हळूच म्हणाला, "चाव्या, पत्र्याचे डबे लांब ठेवा." आणि तो पाट आणायला आत गेला.

तर्पण बागेतच झाले. बारीक पाऊस पडत होता. ओल्या गवतावर पाट, समोर मी, आणि दाराच्या आतून येणारा गुरुजींचा आवाज. तिळाचे पाणी त्याने मी दाखवलेल्या दिशेला सोडले.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. आम्ही चुकतो आहोत असे वाटले, तर भिरकावण्याआधी आमच्या शेजारी काय ठेवले आहे ते एकदा बघा. माणसांच्या बाबतीतही बघायला हरकत नाही.

शेवटची ओंजळ सोडून गिरीशने मला उचलले, काचेच्या तड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "चुकलं माझं." ते मला म्हणाला की मास्तरांना, कोण जाणे. मास्तर नव्हते, म्हणून मीच ऐकून घेतले.