येते म्हणजे कमिंग

मावशींना इंग्रजीचं वेड लागलं ते तसं उशिराच. गुडघे कुरकुरायला लागल्यावर आणि चष्म्याचा नंबर दरवर्षी बढती घ्यायला लागल्यावर. बाजारात एका जिन्याखालच्या गाळ्यात त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, आणि ज्यांची पोटं सुटलीत त्यांच्या शर्टाच्या शिवणीतली माया उसवून शर्ट सैल करून द्यायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "कापड आटलं हो मावशी." मावशी म्हणायच्या, "आटतं बाई कापड, काय करणार." एवढं व्यवहारज्ञान असलेल्या बाईला इंग्रजीवाचून काहीच अडत नव्हतं.

घोडं अडलं नातीपाशी. लेक लग्न करून सातासमुद्रापार गेली. जावई परभाषेतला. माणूस सोन्यासारखा, पण मराठी बोला म्हटलं की हसून हात जोडायचा. त्यामुळे त्या घरात सगळा कारभार इंग्रजीत. नात झाली, तिलाही इंग्रजीच फुटलं. इवलीशी म्हणून लेक तिला टिकली म्हणायची, तेवढंच काय ते तिच्या वाट्याचं मराठी. फोनवर टिकली काय म्हणते ते लेकीने आजीला सांगायचं, आजी काय म्हणते ते टिकलीला. ही दुभाषी मधल्या मधे कात्री चालवत असणार अशी मावशींना पक्की शंका होती. कारण टिकली मिनिटभर बडबडायची आणि लेक सांगायची, "काही नाही, बरी आहे म्हणते."

"मी शिकते इंग्रजी," मावशी एकदा चिडून म्हणाल्या.

"शिक की," लेक हसली. "मग आम्हाला तुझ्यासमोर तुझ्याबद्दल बोलता यायचं नाही, एवढंच."

वाचनालयाच्या माडीवर संध्याकाळचा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या बाईंनी आधीची कितीतरी वर्षं बसच्या आरक्षणाच्या खिडकीत काढली होती. त्यांचं म्हणणं, खिडकीशी आलेला माणूस दोनच गोष्टी सांगतो, कुठे जायचंय आणि का. त्या दोन गोष्टी सांगता आल्या की भाषा आली. म्हणून त्यांच्या वर्गात पुस्तक नव्हतं. प्रत्येकाने आपण केलेल्या एका प्रवासाची गोष्ट सांगायची, बाई ती फळ्यावर चार इंग्रजी ओळींत मांडायच्या, आणि ज्याचा प्रवास त्याने ती मोठ्याने वाचायची. स्वतःचीच गोष्ट असल्यामुळे कुणी अडखळलं तरी पुढे काय आहे ते माहीत असायचं.

बेकरीवाला बसमध्ये झोपून तीन गावं पुढे गेला होता, आणि परतीच्या बसमध्येही झोपून पुन्हा घराच्या पुढे. त्याच्या चार ओळींत "आय स्लेप्ट" दोनदा आलं आणि वर्ग खो खो हसला. लिफ्टमन म्हणाला, "बाई, मी दिवसभर प्रवासच करतो, पण पोचत कुठेच नाही." त्याच्यासाठी बाईंनी "अप" आणि "डाऊन" शिकवलं. मावशी धडे भराभर उचलत होत्या. फक्त एका जागी त्यांची सुई अडायची. निघाल्याची गोष्ट आली की त्या "आय वेंट" म्हणायच्याच नाहीत, "आय केम" म्हणायच्या.

"मावशी, तुम्ही घरातून निघालात ना? मग वेंट."

"तेच ते. चांगलं दिसत नाही बाई तसं म्हणणं."

बाई हसायच्या आणि पुसून पुन्हा लिहायच्या.

आणि मग लेक गेली. ऑपरेशन साधं होतं, चार दिवसांत घरी सोडणार होते. सोडलं नाही. मावशींना तिकडे जाताही आलं नाही. कागदपत्रं होईतो सगळं आटोपलं होतं आणि आईने लेकीला शेवटचं पाहिलं ते फोनच्या हाताएवढ्या काचेत, मध्येच अडकणाऱ्या चित्रात. त्या दिवसानंतर मावशींच्या दुकानाचं शटर कितीतरी दिवस उघडलं नाही. लोक म्हणाले, दुःखावर काळ हेच औषध. म्हणणाऱ्यांचं काय जातं.

शटर उघडलं त्याच संध्याकाळी त्या वर्गात येऊन बसल्या. बेकरीवाल्याला राहवलं नाही. "मावशी, आता कशाला तो त्रास?"

"आता तर दुभाषीही राहिली नाही रे," मावशी म्हणाल्या.

खरंच होतं ते. रविवारी जावई फोन लावून टिकलीसमोर ठेवायचा, आणि एवढ्या मोठ्या जगात आजी आणि नात यांच्यामध्ये मावशींच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीखेरीज दुसरं काही उरलं नव्हतं. हाऊ आर यू. वॉट यू एट. टिकली पाच वर्षांची, मोजकंच बोलायची. हल्ली ती फोन घेऊन दारापाशी, चपलांच्या शेजारी बसायची. तिथे रेंज बरी येत असेल असं मावशींना वाटायचं.

एका रविवारी टिकलीने आपणहून प्रश्न विचारला. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, जणू आजीला झेपावा म्हणून.

"आजी, येते मीन्स कमिंग?"

मावशींना कोण आनंद झाला. पहिली गोष्ट, प्रश्न अख्खा कळला. दुसरी, नातीला मराठी शब्द आठवतोय. तिसरी, उत्तर येतंय! त्या खुर्चीत सावरून बसल्या आणि शाळकरी पोरीसारख्या खणखणीत बोलल्या, "येस! येते इज कमिंग. व्हेरी गुड!"

टिकली उठून धावली. आतून तिचा आवाज आला, बापाला काहीतरी ओरडून सांगत होती. त्यात "आजी" दोनदा ऐकू आलं आणि मावशींचा ऊर भरून आला. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच त्या दोन घास नीट जेवल्या.

पुढच्या वर्गात गोष्ट सांगायची पाळी मावशींची होती. त्यांनी प्रवासाची गोष्ट बाजूला ठेवून हीच सांगितली. लिफ्टमनने टाळ्या वाजवल्या. बाईंनी मात्र खडू खाली ठेवला.

"मावशी, तिने हाच शब्द का विचारला असेल?"

"आईचा शब्द आहे. आठवला असेल."

"आईने कधी म्हटला असेल तो?"

"घरातून निघताना म्हणायची की रोज. मीच लावलेली सवय," मावशी म्हणाल्या आणि बोलता बोलता थांबल्या.

दवाखान्यात जायच्या दिवशी लेकीने दारातून फोन केला होता. खांद्याला पिशवी, एका हातात फोन, दुसरा हात टिकलीच्या डोक्यावर. आईला आणि मुलीला तिने एकदमच म्हटलं होतं, "येते हं." फोन ठेवून मावशी पुन्हा मशीनवर बसल्या होत्या, कारण येते म्हणजे जाते हे त्यांना ठाऊक होतं. मराठीत सगळ्यांनाच ठाऊक असतं. टिकलीला कुठून असणार? तिच्या कानावर एकच शब्द पडला होता, आणि त्याचा अर्थ परवा आजीने छातीठोकपणे सांगितला होता.

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी तिथूनच, वर्गातूनच, जावयाला फोन लावला. तिकडे सकाळ होती. इंग्रजी जुळवायला त्यांना वेळ लागला.

"टिकली... डोअर... शी वेट?"

जावई म्हणाला, "येस, मॉम. एव्हरी इव्हनिंग."

"यू टेल हर?"

"आय टोल्ड हर. मेनी टाइम्स. शी सेज, आजी नोज."

आजीला माहीत आहे! पोरीचा बाप जीव तोडून सांगत होता, आणि पोरगी त्याला आजीच्या शब्दावर खोटं पाडत होती. आणि तो भला माणूस सासूला एका शब्दाने बोलला नव्हता. मावशींनी फोन ठेवला आणि पदर तोंडाशी धरून रडायला लागल्या. करायला गेल्या काय आणि झालं काय. आजीची दोन वाक्यं इंग्रजीची, त्यातल्या एकाने लेकराला उंबऱ्यावर बसवून ठेवलं.

"तिला ही सवय मी लावली हो," त्या बाईंना सांगत राहिल्या. "शाळेत जाताना 'आई, जाते' म्हणाली की मी जिन्यावरून परत बोलवायची. जाते काय म्हणतेस? परत म्हण. मग ती पाय आपटत दारात यायची, 'येते' म्हणायची आणि पुन्हा पळायची. शाळेला उशीर झाला तरी मी सोडली नाही कधी. सरळ जाते म्हणू दिलं असतं, तर आज..."

"मावशी, हवं तर मी बोलते टिकलीशी," बाई म्हणाल्या. "तुम्ही नुसत्या शेजारी बसा."

"नाही. टाका माझा आहे, मलाच उसवायला हवा."

बाईंनी मग फळा स्वच्छ पुसला. बाकीचे उठून जायला निघाले होते, पण कुणी गेलं नाही. प्रत्येकाच्या प्रवासासारखाच लेकीचा प्रवास चार ओळींत मांडायचा ठरला. मावशी मराठीत सांगायच्या, बाई लिहायच्या, मावशी वाचायच्या. पहिल्याच ओळीत सुई अडली.

"युवर मदर..." मावशींनी वाचलं. "युवर मदर केम."

"वेंट, मावशी."

"युवर मदर..."

चार वेळा त्यांनी सुरुवात केली आणि चारही वेळा तोंडातून केमच आलं. बाईंनी दुरुस्त केलं नाही. खिडकीत बसून त्यांनी इतकी माणसं जाताना पाहिली होती, पण जाणाऱ्याची आई अशी समोर कधी बसली नव्हती. शेवटी मावशींनी स्वतः खडू घेतला आणि तो शब्द फळ्यावर लिहिला. अक्षरं वाकडी आली. लिहिल्यावर तो वाचता आला.

तिसऱ्या ओळीसाठी त्या अडून बसल्या. "तिला यायचं होतं, हे कसं म्हणायचं? ती खोटं नाही बोलली, तिला खरंच यायचं होतं. ते आलंच पाहिजे त्यात." बाईंनी "वॉन्टेड" शिकवलं. आठवडाभर मावशी पँटच्या दुमडी घालताना, चेन उसवताना त्या चार ओळी पुटपुटत राहिल्या. एका गिऱ्हाईकाला वाटलं मावशी काही जप करतायत. त्याने आपली पँट मुकाट्याने नेली.

रविवारी फोन लागला. टिकली दारापाशीच होती, मागे चपला. जावई तिच्या शेजारी जमिनीवर बसला. तसं मावशींनी त्याला आधीच सांगितलं होतं.

"टिकली, लिसन," मावशी म्हणाल्या. "आजी सेड राँग."

टिकलीने मान वर केली.

मावशींनी चार ओळी म्हटल्या. तुझी आई गेली. आमच्या भाषेत माणसं जातात आणि येते म्हणतात. तिला यायचं होतं. तिला येता येणार नाही. एकही चूक झाली नाही. वर्गात असत्या तर बाईंनी शाबासकी दिली असती. तोंडातून शब्द बरोबर आल्याचं एवढं दुःख कुणाला कधी झालं नसेल.

टिकली रडली नाही. विचार करत बसली. मग तिने विचारलं, जाणारी माणसं कमिंग का म्हणतात?

याचं इंग्रजी मावशींकडे नव्हतं. बाईंकडेही नसतं. "कारण जाते म्हणवत नाही गं बाळा," त्या मराठीतच म्हणाल्या आणि इतके दिवस नातीसमोर धरून ठेवलेलं रडू फुटलं. टिकली ते बघत राहिली. आजीला इतकं रडताना तिने पाहिलं नव्हतं. बहुधा तेव्हाच तिला ते चार ओळींचं इंग्रजी खरं वाटलं. ती सरकत सरकत बापाच्या मांडीवर गेली आणि तिने तोंड त्याच्या शर्टात लपवलं. खूप वेळ त्या काचेत फक्त तिची वेणी आणि बापाचा हात दिसत होता.

फोन ठेवायची वेळ झाली. डोळे पुसून मावशी सवयीने म्हणाल्या, "येते हं, टिकली."

टिकली ताडकन उठून बसली. तिचे डोळे लाल झाले होते. "नो!" ती ओरडली. "डोन्ट से दॅट! यू आर गोइंग. से गोइंग!"

जावई तिला आवरायला लागला. मावशींनी त्याला हातानेच थांबवलं. जन्मात हा शब्द त्यांनी कुणाच्या निरोपाला उच्चारला नव्हता, लेकीच्या तोंडून तो खरवडून काढला होता. आता पलीकडे लेकीचंच लेकरू तो मागत होतं, नाही मिळाला तर ते पुन्हा दारात बसणार होतं.

"जाते," मावशी म्हणाल्या.

"जा-ते?"

"हो. जाते. गोइंग."

टिकलीने शब्द तोंडात घोळवला. एकदा हळू, एकदा मोठ्याने. मग फोन दोन्ही हातांत धरून तिने आजीकडे पाहिलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "जाते, आजी."

आणि मावशींनी लेकीला जसं दरवेळी जिन्यावरून हाक मारून परत बोलावलं होतं, तसं हिला बोलावलं नाही.