साराआजींचा मलिदा

या, असे पुढे सरकून बसा. मागे कोणी अवघडून उभं असेल तर त्यालाही हाताला धरून आणा. आजची गोष्ट कुण्या राजाची नाही आणि कुण्या संताचीही नाही, टेनिस खेळणाऱ्या एका बाईची आहे. बाई बल्गेरियाची, राहते ब्रिस्टलला. पण तिच्या गोष्टीत आपली एक मराठी आजी बसलेली आहे, आणि ती कुणालाही उपाशी उठू देत नाही. तेव्हा निवांत ऐका.

बाईचं नाव इस्क्रा वेल्कोवा. वय एक्कावन्न. उंचीपुरी, रुंद खांद्यांची. उजवा गुडघा तेवढा जिना उतरताना कुरकुरतो. ब्रिस्टलच्या एका पार्कात कौन्सिलची चार टेनिस कोर्टं आहेत, तिथे ती शिकवते. शनिवारी सकाळी तिच्याकडे आपल्या मराठी बायकांचा वर्ग भरतो. तो सुरू केला वैभवीने. ती विमानांचे पंख बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. तिच्या सासूबाई, अनुराधाकाकू, पहिल्या दिवशी नुसत्या चहाचा थर्मास घेऊन सोबत आल्या होत्या. इस्क्राने थर्मास बाकावर ठेवला आणि त्यांच्या हातात रॅकेट दिली. काकूंचं वय त्रेसष्ट. त्यांनी पदर खोचला, पायांत सुनेचे जुने ट्रेनर बूट होतेच, आणि पहिलाच चेंडू कुंपणाबाहेरच्या बदकांच्या तळ्यात पाठवला.

"कोच, हा धरायचा नाही हं," त्या म्हणाल्या. "तो देवाला सोडला."

त्या दिवशी वर्ग संपल्यावर इस्क्राने बिस्किटांचा डबा फिरवला आणि काकूंसमोर येऊन चक्क मराठीत म्हणाली, "जेव, बाळ."

काकूंचा हात डब्यातच राहिला. "अगं, हे कुठे शिकलीस?"

"इल्फर्डला. एका आजीकडे," इस्क्रा म्हणाली, आणि वाकून चेंडू गोळा करायला लागली. तो विषय तिथेच राहिला.

इस्क्रा सुखी होती, हे आधी सांगायला हवं. गुलाबाच्या मळ्यांसाठी नावाजलेल्या काझानलक गावात ती वाढली. गुलाबाचं तेल काढायच्या कारखान्याच्या भिंतीवर चेंडू मारून मारून टेनिस शिकली. मे महिन्यात त्या भिंतीलासुद्धा वास यायचा. पुढे देशोदेशी खेळली. जगात तिचा नंबर एकदा एकशे एकतीसपर्यंत आला होता. एका मोठ्या स्पर्धेत ती दुसऱ्या फेरीपर्यंत गेली, देशाच्या संघाकडून चार वर्षं खेळली. मग खांद्याचं ऑपरेशन झालं आणि एकतिसाव्या वर्षी तिने रॅकेट ठेवली. शिकवायला म्हणून इंग्लंडला आली आणि राहिली. बाल्कनीत गुलाबाच्या दोन कुंड्या, शेजारची मांजर, आठवड्याचे सहा वर्ग. मागितलं त्याहून देवाने जास्तच दिलं, असं ती म्हणायची.

सल एकच होता, आणि तो एका चेंडूएवढा होता.

तिच्या वर्गात एक नियम होता. अंपायर नाही. चेंडू ज्याच्या बाजूला पडेल त्याने सांगायचं, आत की बाहेर. रेषेला नुसता शिवला तरी आत. शंका आली तरी आत.

"म्हणजे आपल्याविरुद्ध आपणच साक्ष द्यायची," काकू म्हणाल्या होत्या.

"हो. बाकी सगळं मी शिकवीन. हे तुमचं तुम्ही शिकायचं."

गेल्या सप्टेंबरात केंब्रिजच्या मराठी मंडळाच्या बायका मैत्रीचा सामना खेळायला आल्या. सोबत दोन डबे बटाटेवडे. शेवटची लढत दुहेरीची होती: इकडे काकू आणि वैभवी, तिकडे नीना नावाच्या संशोधक बाई आणि त्यांची मैत्रीण. मॅच पॉइंट काकूंच्या बाजूला. नीनाताईंनी उंच उडवलेला चेंडू काकूंच्या मागे, अगदी रेषेवर पडला. काकूंनी वळून पाहिलं, श्वास घेतला आणि बोट वर केलं.

"आउट."

टाळ्या वाजल्या. काकूंची नात दिया धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडली. इस्क्रा कुंपणापाशी उभी होती. तिने तो चेंडू पाहिला होता.  सगळ्या वड्यांकडे वळल्या तेव्हा काकू हळूच तिच्याजवळ आल्या.

"पाहिलंस ना तू?"

"पाहिलं."

"आयुष्यात एकदा जिंकावंसं वाटलं गं. हात आपोआप वर गेला. आता काय करू?"

"त्यांना सांगा."

"सगळ्यांसमोर? कोच, तू असतीस तर सांगितलं असतंस?"

 काकूंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्या तशाच गेल्या आणि वडा खात असलेल्या नीनाताईंसमोर उभ्या राहिल्या. "नीनाताई, तो चेंडू आत होता. मी खोटं बोलले."

 मग नीनाताई म्हणाल्या, "आधी हा वडा संपवू दे. मग तो पॉइंट परत खेळू."

"आई, वडा खाऊन खेळता येणार नाही त्यांना. थांबा जरा," वैभवी कुजबुजली. "जिंकूच आपण."

तो पॉइंट पुन्हा खेळला, तो गेला, पुढचेही गेले, आणि काकू सामना हरल्या. घरी जाताना मात्र त्या मोठमोठ्याने गाणं म्हणत गेल्या.

इस्क्रा बाकावर बसून राहिली. काकूंना जे करायला दहा मिनिटं लागली, ते तिला अठ्ठावीस वर्षांत जमलं नव्हतं.

आता ती जुनी हकीकत ऐका. तेव्हा इस्क्रा तेवीस वर्षांची होती. पूर्व लंडनमध्ये एक छोटी स्पर्धा होती. अशा स्पर्धांत नवख्या खेळाडूंना हॉटेल परवडत नाही, म्हणून गावातली घरं त्यांना ठेवून घेतात. सोफियाहून तीन दिवस बसमध्ये बसून आलेल्या इस्क्राला इल्फर्डच्या साराआजींचं घर मिळालं. साराआजी मुंबईच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू. घरात त्या आणि त्यांची एकोणीस वर्षांची नात ऑर्ली. ऑर्लीही त्याच स्पर्धेत खेळत होती. दोघी एका खोलीत झोपत, एकमेकींचे सॉक्स वापरत. इस्क्राने आईने दिलेली गुलाबपाकळ्यांच्या मुरंब्याची बरणी आजींना दिली. आजींनी बोटाने चाखून पाहिलं. "अगो, हा तर गुलकंद. तुमच्याकडे पण करतात?" आणि ताट वाढलं. "जेव, बाळ."

दोघी जिंकत जिंकत एकमेकींसमोर आल्या. आदल्या दिवशी आजींनी सांगून टाकलं, "उद्या माझ्या घरातली एक जिंकणारच. मी एलियाहू हन्नाबीला मलिदा बोलले आहे." त्यांच्याकडे ही पद्धत. नवस फळला की भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर फळं मांडायची, त्या प्रेषिताचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं.

सामन्याला अंपायर नव्हता. एवढ्या लहान स्पर्धेत कुठला असायला? आपल्या बाजूचं आपण सांगायचं. तिसरा सेट, पाच-चार, चाळीस-तीस. इस्क्राला मॅच पॉइंट. ऑर्लीचा चेंडू इस्क्राच्या मागच्या कोपऱ्यात रेषेवर पडला. तिथून तीन हातांवर, घडीच्या खुर्चीवर, आजी विणत बसल्या होत्या. हरली तर रविवारची बस, घर, आणि बहुधा टेनिस संपलं. इस्क्राचं बोट वर गेलं.

"आउट."

"खात्री?" ऑर्लीने विचारलं.

"खात्री."

त्या दिवशी घरी मलिदा झाला, वर तो गुलाबाचा मुरंबा घालून. इस्क्रा पानातले पोहे नुसते चिवडत राहिली. आजींनी तिला दुसऱ्यांदा वाढलं. "जेव, बाळ." पुढची प्रत्येक स्पर्धा, तो एकशे एकतिसावा नंबर, देशाचा संघ, सगळं तिला त्या एका चेंडूवर उभं वाटायचं. ऑर्लीने त्याच वर्षी खेळ सोडला. इस्क्राने कधी पत्रसुद्धा लिहिलं नाही.

केंब्रिजवाल्या गेल्या त्या संध्याकाळी इस्क्राने फोनवर ऑर्लीचं नाव शोधलं. ऑर्ली इल्फर्डला ऑप्टिशियन झाली होती, स्वतःचं दुकान होतं. फोन करायचा धीर होईना. शेवटी तिने ऑनलाइन डोळे तपासायची अपॉइंटमेंट घेतली. नाव खरं दिलं.

बुधवारी ती ट्रेनने गेली. अंधाऱ्या छोट्या खोलीत पांढरे होत आलेले केस मागे बांधलेली बाई म्हणाली, "बसा. हनुवटी इथे टेकवा." ओळख दाखवली नाही. चेहऱ्यापुढे यंत्र आलं. भिंग बदललं.

"पहिलं स्पष्ट की दुसरं?"

"दुसरं."

"आता? पहिलं की दुसरं?"

"ऑर्ली, तो चेंडू आत होता."

भिंगावरचा हात थांबला. मग पुन्हा टक्‌ असा आवाज झाला. "हे स्पष्ट की आधीचं?"

"मी काय म्हणाले ते ऐकलंस का?"

"ऐकलं. डोळे तपासतेय, आधी संपवू दे. हलू नकोस."

सगळी भिंगं संपली तेव्हा ऑर्लीने दिवा लावला आणि स्टूल ओढून समोर बसली. "तो आत होता हे मला तेव्हाच दिसलं होतं. चार वर्षं तुझा भयंकर राग केला. टीव्हीवर तू दिसलीस की चॅनल बदलायचे. मग मुलं झाली, दुकान झालं. आणि खरं सांगू, माझा बॅकहँड कधीच धड नव्हता. खेळ मी त्या चेंडूमुळे सोडला नाही. तेवढं ओझं उतरव."

 इस्क्राने विचारलं, "आजी?"

"दोन हजार नऊमध्ये गेली." ऑर्ली चष्म्याची काडी फिरवत राहिली. "ती असताना यायला हवं होतंस. हे मात्र मी सोडणार नाही."

"नको सोडूस."

"तिला माहीत होतं. ती तर कोपऱ्यातच बसली होती ना. मी त्या दिवशी किचनमध्ये जाऊन भांडले, हिला मलिदा कशाला घालतेस म्हणून. काय म्हणाली माहितेय?" आणि ऑर्लीने आजींचं वाक्य आजींच्याच मराठीत जसंच्या तसं म्हटलं. "सांगेल ती एक दिवस. तोवर उपाशी कशाला ठेवायची?"

मग तिने इंग्रजीत अर्थ सांगितला. इस्क्राने यंत्राच्या टेबलावर डोकं टेकलं आणि ती रडली. ऑर्लीने टिश्यूचा खोका पुढे सरकवला. "तुला वाचायला चष्मा लागणार आहे," ती म्हणाली. "लांबचं मात्र अजून छान दिसतं तुला. रेषासुद्धा."

पुढच्या शनिवारी वर्ग संपल्यावर बाकावर बिस्किटांच्या डब्याऐवजी एक मोठं ताट होतं. पोहे, गूळ, खोबरं, वर कापलेली फळं आणि मधोमध गुलाबाचा मुरंबा. ऑर्लीने फोनवर रीत सांगितली होती. पोहे जरा जास्तच भिजले होते.

"आज काय विशेष?" काकूंनी विचारलं.

इस्क्राने बायकांना सगळं सांगितलं, बसपासून चष्म्यापर्यंत, काही न वगळता. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आपल्याला नियमाच्या गोष्टी सांगणारी कोच, आणि हे? इस्क्राने ते त्यांच्या डोळ्यांत वाचलं आणि नजर वळवली नाही. मग काकूंनी चमचा उचलला.

"म्हणजे माझ्यापेक्षा तुला अठ्ठावीस वर्षं जास्त लागली," त्या म्हणाल्या. "मी तुझी कोच व्हायला हवी." आणि ताटातलं तिला आधी वाढलं. "जेव, बाळ."

मे महिन्यात ऑर्ली ब्रिस्टलला आली, गाडीच्या डिकीत जुनी रॅकेट टाकून. दोघी थेट कोर्टावर गेल्या. तिसरा सेट, पाच-चार, ड्यूस, म्हणजे चाळीस-चाळीस. त्या दिवशी खेळ जिथे असायला हवा होता तिथून. एकीचा गुडघा कुरकुरत होता, दुसरीचा बॅकहँड होता तसाच होता. कोण जिंकलं ते विचारू नका. काकू कोपऱ्यात घडीची खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या म्हणतात, शंका येईल तो प्रत्येक चेंडू दोघींनी आत दिला, त्यामुळे खेळ संपता संपेना.

तर मंडळी, ताट घेऊन उठायच्या आधी एवढं करा. ज्याने चूक केली आहे आणि अजून कबूल केलेली नाही, असं माणूस कधी तुमच्या पंगतीला बसेल. त्याच्या पानात वाढताना इल्फर्डच्या साराआजींना आठवा. त्यांनी सगळं पाहिलं होतं, आणि तरी दुसऱ्यांदा वाढलं होतं.